निळं पिंप

गुरुवार, संध्याकाळ

चंदनसारचा फ्लॅट आता घ्यायचा नाही, असं ठरलं. आल्यापासून दोनदा चहा प्यायले, दोन्ही वेळा गोड लागला.

तीन वेळा बघितला होता, तिन्ही वेळा रविवारी दुपारी, एजंटला फोन करून. दर वेळी तो स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवायचा आणि आम्ही नवराबायको चोवीस तास पाणी म्हणून खूश. एवढे खूश की मी आमचं निळं पिंप गेल्याच आठवड्यात कामवाल्या मंगलताईंना देऊन टाकलं. काय घाई होती मला?

आज शाळेतून येताना न सांगताच गेले. लिफ्ट बंद, म्हणून जिन्याने चढले. प्रत्येक दाराबाहेर पिंप. निळंच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू त्यातून कळशी भरत होत्या. विचारलं, नळाला पाणी येतं ना?

"येतं की," त्या म्हणाल्या, "टँकर आला की येतं. रविवारी फ्लॅट बघायला माणसं येतात, तेव्हा सकाळीच मागवतात."

घरी येऊन सुहासला सांगितलं. वाटलं, चिडेल. तर तो म्हणाला, "सुटलो गं. मला अजून वर्षभर थांबायचं होतं. पण तू पिंपसुद्धा देऊन टाकलंस, मग कुठल्या तोंडाने बोलणार?"

म्हणजे एका पिंपापायी आम्ही घर घेणार होतो.

मंगलताईंकडे परत मागणं बरं दिसत नाही. उद्या स्टेशनजवळून नवं आणायचं. सुहास म्हणतो, या वेळी मोठं घेऊ.