विमान आज, दहावा उद्या

मंगळवार, दिवेलागण, शिरूर

अक्षर नातीचं, बोलणं माझं. सायलीला बजावलंय, पदरचं काही घालायचं नाही.

आज सकाळी तिच्या फुटबॉलच्या संघातल्या पोरी विमानानं परदेशी गेल्या. देशोदेशीची पोरं तिथं खेळणार. सायलीचीही निवड झाली होती. पण ती इथं माझ्यासमोर बसून हे लिहितेय, आणि तिचे बूट उंबऱ्यापाशी.

का, तर दौंडचे भावकीतले आप्पा वारले. जिवंतपणी त्यांना कुणी चहाला विचारलं नाही, मेल्यावर सगळ्यांना सुतक आठवलं. मी लेकाला म्हटलं, "जाऊ दे की पोरीला. आप्पा काय उठून बघायला येत्यात व्हय?"

"आई, दहाव्याच्या आधी पोरगी खेळायला गेली, तर भावकी नावं ठेवंल."

मी गप्प बसले. एरवी साऱ्या घराला टोमणे मारणारी मी, तिथंच का गप्प बसले?

दुपारी ते बूट पदरानं पुसले. म्हटलं, "पुढच्या साली जाशील गं."

"पुढच्या साली वयात बसत न्हाई मी, आज्जे. आन् हे बूट बी बसायचे न्हाईत."

उद्या घाटावर दहावा. पिंडाला कावळा शिवला नाही, तर आप्पांची इच्छा कशात अडकली ते सगळे शोधत बसतील. माझ्या वेळी शोधू नका. पिंडाशेजारी हे बूट ठेवा.