पातेल्यावरची ताटली

ली, लँकाशर
९ फेब्रुवारी १९५८

प्रिय हेस्टर,
अनेक आशीर्वाद.

दारातून आत आलेल्या माणसाला आधी ‘क्लेम्ड आहेस का’ ते विचारावं, बाकीच्या चौकश्या मागून, असं आई म्हणायची. आज ते सारखं आठवतंय. भुकेला तिच्याकडे तो एकच शब्द होता. शाळेत शिकवलेला शब्द तिला जेवून आलेल्या माणसाचा वाटायचा. ती गेल्यापासून बाबांना मी तसंच विचारते. ते नाही म्हणतात आणि विस्तवाकडे बघत बसतात. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झालीय. खाणीतले जुने सोबती आले की मात्र सांगतात, विनीच्या मटण-बटाट्याच्या हॉटपॉटपेक्षा कोळसा मऊ लागतो.

तुला कधी कळवलं नाही ते आज कळवते. तू त्या जर्मन योर्गशी लग्न करून गेलीस, तेव्हापासून दर रविवारी आई एक ताटली वाढून, वर दुसरी पालथी घालून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायची. उशिरा घरी येणाऱ्याची ठेवतात तशी. त्या जर्मनाच्या बायकोपायी गॅस जाळू नकोस, म्हणून बाबा करवादायचे. आता आई नाही, तर ताटली ते स्वतःच ठेवतात. कुणासाठी, ते मी विचारत नाही. सोमवारी ती शेजारच्या कुत्र्याला जाते. आज त्यात त्यांनी आपल्या वाटणीचं मटणही घातलं.

रागावली असशील तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
विनी

म्युन्स्टर
१६ फेब्रुवारी १९५८

प्रिय विनी,
सप्रेम नमस्कार.

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. इथली माणसं चांगली आहेत, वेळेवर वाढतात. पण तो प्रश्न मला इथे कुणी विचारत नाही.

मागे एकदा सासूबाईंच्या कपाटाचा खण अडकला. ओढता ओढता त्या वैतागून म्हणाल्या, क्लेम्ट, म्हणजे अडकलाय. मी तिथेच स्टुलावर बसले. योर्ग शाळेत भाषा शिकवतो. त्याने सांगितलं की दोन्हींचं मूळ एकच असणार, फार जुनं. चिमटीत धरणं, आवळणं. इथल्या बाजूचे लोक समुद्र ओलांडून इंग्लंडात गेले, तेव्हा कधीतरी तो शब्दही गेला असेल. इथे तो खणात राहिला, आपल्याकडे पोटात. मला खाणबंदीत बाबांचा पगार थांबला तेव्हाची आई आठवली, आपल्यापुढे ताटल्या सरकवून पोटावर मूठ दाबून बसलेली. तिला अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. बाबांनाही नाही.

ईस्टरच्या रविवारी मी येतेय. योर्गही येतोय. बाबांना सांग, त्या दिवशी पातेल्यांवर दोन ताटल्या ठेवा. ते नाही म्हणतील. आवाज चढवणार नाहीत, नुसते विस्तवाकडे बघतील. तरी तुझी माझ्यावर माया असेल तर एवढं त्यांना सांगून बघ.

तुझी,
हेस्टर