राहात्याला गेल्तो म्हनून सांगितलं

१२ एप्रिल, सोमवार

रात्रभर झोप न्हाई. डोळं मिटलं की ती दरड दिसती. ह्ये बसल्ते तितंच पडली, म्हशीएवढी. ह्ये मातुर घोरत हुते. मी लेकीच्या, रूथीच्या छातीवर हात ठिवून बसले. खोकती लई.

काल रविवार, तरी प्रार्थनेला देवळात न्हाई गेलो. डोंगरामागच्या बंद खानीत गेल्तो, तिघंबी. तितं भिंतीत ह्यांना पोकळ घावलीय, आत हिरवट खडं, काचंवानी. शिर्डी रोडचा शेठ असलं खडं घेतो. ह्ये पहारीनं सोडवायचे, मी रूथीच्या जुन्या लंगोटात गुंडाळायची. "टोक जप. टोक मोडलं की खडा मेला." दर खड्याला त्येच.

निम्मं बी झालं न्हवतं तर आभाळ आलं. वारं सुटलं, मग गारा. रूथीला खाली बसवलं, वर घमेलं पालथं धरलं. वर ताडताड, ती आत हसतीय. माझी पाठ फुटली. ह्ये पोकळ सोडून आमच्याकडं पळाले, आन मागं दरड.

"बघ, देवानं राखलं."

मी म्हनले, देवाला काय रोज तेवढंच काम हाय का.

तरी बी निघताना ह्यांनी पोकळीच्या तोंडात दगड घातले. मला म्हनले, लिंप, तुझा हात चांगला हाय, कुनाला दिसाया नको. पावसात शेन कुठनं आनू. नुसता चिखल. मी लिंपायची आन त्यो ओघळायचा. वर बघायचं धाडस झालं न्हाई.

वाटंत रूथीच्या डोक्यावर माझा हात ठिवून शपथ घ्याया लावली. कुनाला बोलायचं न्हाई. कोन इचारलं तर राहात्याला, बाजाराला गेल्तो.

१३ एप्रिल, मंगळवार

पाऊस हायेच. पत्रा गळतोय, पातेली मांडल्यात.

शेजारच्या मार्थामावशीनं पाठीवरचं वळ बघितलं. "राहात्याला मार बी मिळतो व्हय गं? भाजी न्हाई आनली, वळ आनलं." हसले मी. काय करनार.

दादाचा फोन. "कुठं हुता रविवारी? फोन बंद." राहात्याला, म्हनले. "तुझा आवाज असा का येतोय गं?" रेंज न्हाई म्हनले. त्यो बेलापूरला ग्यारेजात, एवढ्या लांबनं बी त्याला कळतं. आन मी त्याला खोटं बोलले. ह्ये कुनाचं ऐकत असतील तर फकस्त त्याचं.

ह्यांनी खडं घमेल्यात दात घासायच्या ब्रशनं धुतलं. एक खिडकीत ठिवला. खरं सांगते, लई देखना हाय. रूथी हात लांब करती त्याच्याकडं. म्हनूनच भ्या वाटतं.

१५ एप्रिल, गुरुवार

ऊन पडलं. कपडं वाळली तेवढंच बरं. कंबर दुखती.

दुपारी ह्ये चहाच्या टपरीवरनं आले, तोंड उतरलेलं. तितं एक धनगर सांगत हुता म्हनं, जुन्या खानीच्या भिंतीत कायतरी चमकतंय, आरशावानी. रस्त्यावरनं दिसतंय.

चिखल धुऊन गेला. दगड बी निसटलं असतील.

"उद्या जायाचं. तू चल, शेन घेऊ संगं. जेवढं निघंल तेवढं काढू, ऱ्हायलेलं पक्कं लिंपून टाक."

मी म्हनले, भिंत अजून निथळत असंल. आठ दिस ऊन खाऊ द्या तिला.

"आठ दिसात तितं काय ऱ्हातंय? गाव उतरंल."

उतरू द्या की.

ह्ये खोकत बसले. खडीच्या क्रशरवर धूळ खाऊन छाती गेलीय त्यांची, मला काय दिसत न्हाई का. ह्या खड्यातनं जुना टेम्पो घ्यायचा, परत क्रशरवर पाय ठिवायचा न्हाई, एवढंच मनात हाय. वाईट काय मागत न्हाईत. पन ती भिंत...

जेवताना मी म्हनले, दादाला तरी संगं घ्या.

"मेव्हन्याला सांगितलं की ग्यारेजभर झालं."

१६ एप्रिल, शुक्रवार

सकाळी नळावर गेले. आले तर ह्ये न्हाईत. पहार न्हाई. रूथीची गोधडी न्हाई, खडं गुंडाळाया नेली असंल. मोबाईल बी नेला. घरात एकच हाय.

मी थांबा म्हनले म्हनून एकलेच गेले.

भाकरी केली. झाकून ठिवली. जेवायला येतील म्हनून वाट बघितली. आले न्हाईत.

आता डोंगराकडनं काळं चढतंय. रविवारसारखंच, खालनं पिवळं. वारं पडलंय.

वस्तीत कोन न्हाई, समदी कांदं काढाया गेल्यात लांबच्या रानात. मार्थामावशीची सासू तेवढी घरात. तिला दिसत न्हाई, तिच्याकडं फोन न्हाई. तिला सांगितलं, आजी, मी येती, रूथीला बघा. "कुठं चाललीस गं आभाळाची?" म्हनली. तोंडातनं राहाताच निघालं. शपथ हाय ना. लिवायचं न्हाई अशी शपथ न्हाई घातली त्यांनी.

रूथी तिच्याजवळ झोळीत झोपलीय. अंग जरा गरम हाय. दूध पाजलंय. ही वही झोळीत तिच्या पायाशी ठिवते.

जो कोन हिला उचलंल, त्यानं आधी माझ्या दादाला फोन करा. नंबर आमच्या दाराच्या मागं खडूनं लिवलाय, वरचा. दार उघडंच ठिवलंय. त्याला सांगा, राहाता न्हाई, तवाबी न्हवतं. डोंगरामागची बंद खान, धनगराला चमकताना दिसली ती भिंत. मी फुडं गेलीय.

एकला येऊ नको म्हनावं. आन ग्यारेजातला जॅक आन म्हनावं, मोठा.