आधी माणूस, मग बॅग

५ जानेवारी १९९८, सोमवार. इंदापूर

मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या पट्ट्यावरून तात्यांची काळी बॅग पलीकडं गेली आणि तात्या अलीकडंच अडकले, त्या मिनिटाला माझं सगळं बदललं. मी तिथं नव्हतोसुद्धा. मी इथं शेडवर डाळिंबाच्या पेट्यांना खिळे ठोकत होतो.

तात्या आमच्या डाळिंब संघाचे अध्यक्ष. आज दुपारी आले ते खुर्चीत नाही, पेटीवरच बसले. म्हणाले, "म्होरं एक सुटातला गडी. कमानीतनं जातोय, शिट्टी वाजतीय. मागं येतोय, किल्ल्या काढतोय, परत शिट्टी. मग पट्टा. मग घड्याळ. आन् मी हिकडं उभा, हासतोय त्याला." तोवर पलीकडून त्याच्या जोडीदारानं बॅग उचलली. बॅगेत लॅपटॉप. लॅपटॉपला पासवर्ड नाही. "कशाला? आपलंच हाय की," असं तात्याच म्हणाले होते.

तसेच मोकळ्या हातानं दिल्लीला गेले. तर तिथल्या व्यापाऱ्यानं हवापाण्याचं न बोलता नेमकं आमच्या तळाच्या भावावर बोट ठेवलं. ज्याच्या खाली आम्ही माल देत नाही, तो भाव. ते मशीन आणि आमच्या ऑफिसातल्या फ्लॉप्या सोडल्या तर तो कुठं नव्हता. योगायोग म्हणा. मी नाही म्हणत.

निम्मा माल त्या भावानं गेला. उरलेल्याची बोलणी याच महिन्यात, दिल्लीलाच, दुसऱ्या व्यापाऱ्याशी. तात्यांनी शेडभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली. "सोपाना, ह्या खेपंला तू चल संगं. कालेजात मास्तरशी भांडून आलास, हितं रोज हमालाशी भांडतोस. देवानं कला दिलीय तर कामाला लाव."

विमानात. मी!

८ जाने., गुरु.

तात्यांनी पुण्याच्या भाच्याचा जुना लॅपटॉप मागून आणला. विटेएवढा जड. सु.नं तिच्याकडच्या फ्लॉप्यांवरून सगळी माहिती त्यात भरली. कुणाच्या बागेत किती माल, कुठली फवारणी, तळाचा भाव.

(सु. म्हणजे ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते ती. कळंबहून एसटीनं येते, वडिलांची पिठाची गिरणी आहे. पूर्ण नाव लिहीत नाही, आई ही वही उघडते. आई, उघडली असलीस तर बंद कर.)

सु.नं नियम सांगितले. काळी चकचकीत बॅग नको, लांबून कळतं आत काय आहे ते. माहितीची एक फ्लॉपी कपाटात, एक माझ्या अंगावर, म्हणजे मशीन गेलं तरी काम अडणार नाही. आणि चालू करताच मशीन पासवर्ड मागणार.

"सांग पासवर्ड, लिहून घेतो."

"तुला नाही सांगायचा. तात्यांना पण नाही. दिल्लीला पोचल्यावर तात्या फोन करतील, तेव्हा त्यांना एकट्यांना."

तात्या खो खो हसले. माझ्या कानातून वाफ. म्हटलं मशीन वाहायला मी, मार खायला मी, आणि विश्वास? ओझ्याचं गाढव आहे का मी? चहा तसाच टाकून उठलो.

बाहेर आल्यावर वाटलं, निदान चहा तरी प्यायचा.

१० जाने.

निमगावातच. घरी. ऑफिसला गेलो नाही.

आईनं बंडीला आतून खिसा शिवला, फ्लॉपीच्या मापाचा. वर बटण, त्यावर सेफ्टीपिन. "काय असतंय रं त्यात?" म्हटलं, सगळ्यांच्या बागा. तिनं फ्लॉपी कानाशी धरून हलवून बघितली.

जेवताना विमानतळाचा विचार. पट्टा, कमान, पलीकडं चोर. एकदम आठवलं, लहानपणी वडिलांच्या, म्हणजे आबांच्या मागं मेंढरं घेऊन हिंडायचो तेव्हाचं. ओढा ओलांडायचा तर आबा कधी कळप आधी सोडत नसत. आधी एक माणूस पल्याड जाऊन उभा राहायचा, त्यानं काठी वर केली की इकडून मेंढरं. नाहीतर लांडगं पल्याडच बसलेलं असायचं.

तात्यांनी मेंढरू आधी सोडलं, एवढंच झालं.

आबांना सांगितलं. म्हणाले, "मंग? त्यात काय नवीन?" आणि ताक मागितलं.

१४ जाने., संक्रांत

सु.नं तिळगूळ दिला. "गोड बोल. तुला खास दोन लाडू, तुला जास्त गरज आहे."

मी लाडू हातातच धरून ठेवले. मग तीच हळू आवाजात बोलली. "अरे, तू चिडलास की पोटातलं सगळं ओठावर येतं. मागं हमालाशी भांडताना आपल्या गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं गाव, सुटायची वेळ, सगळं ओरडून सांगितलंस. तुला कुणी डिवचलं तर? तुला ठाऊकच नसलं की कुणी काय काढून घेणार? मशीनची राखण तू कर. तुझी मला करू दे."

असं म्हणाली. 'तुझी मला करू दे.'

दोन्ही लाडू खाल्ले. तिसरा मागून खाल्ला.

दुपारी ऑफिसात रंगीत तालीम. दोन बाकं जोडून पट्टा, दाराची चौकट म्हणजे कमान. मेंढरांची युक्ती सांगितली, सगळ्यांना पटली. तात्या आधी चौकटीतून जाऊन पलीकडं उभे राहणार, हात वर करणार, मगच मी बॅग ठेवणार. सु. चोर झाली. एकदा तात्या पलीकडं पोचून पान जुळवायला लागले, तिनं बॅग उचलून चहाच्या खोलीत लपवली. तात्या म्हणाले, "ह्ये बरोबर न्हाय, मी तयार नव्हतो." सु. म्हणाली, "चोर विचारून येतो का तात्या?"

जाताना तात्यांनी मला बाजूला घेतलं. "भाव फुटू न देता ही खेप पार पाड. कळंबला गिरणीवर तुझ्यासाठी मी सोत्ता शब्द टाकतो."

मी म्हटलं, कसला शब्द?

"आख्ख्या शेडला ठावं हाय रं, येड्या."

१८ जाने., रवि.

घात. मशीन एका दिवसासाठी घरी आणलं, नव्या पिशवीचं माप घ्यायला. आंघोळ करून येतो तर आईनं ते देव्हाऱ्यापुढं पाटावर मांडलेलं, झाकण उघडून. आणि वर भंडारा. चिमूट नाही, ओंजळ. सगळी बटणं पिवळीधमक.

"आई!!"

"वरडू नगं. एवढी मोलाची वस्तू इमानातनं न्हेणार, देवाला दाखवल्याबिगर? आज देवाचा वार हाय."

रंगाच्या ब्रशनं झाडलं, फुंकलं, उपडं करून थोपटलं. चालू होतंय. पण फ्लॉपी घातली की आतून जात्यासारखा आवाज.

१९ जाने. बारामती

सु. ज्यांच्याकडं कॉम्प्युटर शिकली त्या इक्बालभाईंकडं. त्यांनी फ्लॉपीचं खोकं उघडलं आणि बोटावर पिवळं घेऊन बघत बसले. "मियाँ, मशीनला हळद लागली. तुझा नंबर कधी?" साफ करून दिलं. पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. बटणांच्या खाली अजून असेल म्हणाले, पण त्यानं काही अडत नाही.

एसटीत येताना उगाच हसत होतो. शेजारचा म्हातारा सरकून बसला.

२१ जाने., बुध. दिल्ली, लॉजवर

सगळं लिहितो, नाहीतर विसरेन.

पहाटेच पुण्याला, लोहगाव. मशीन गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून खताच्या कंपनीच्या कापडी पिशवीत. तात्यांना लाज वाटत होती, ते चार पावलं पुढं चालत होते.

पट्टा आला. तात्या कमानीतून पार, हात वर. मी बॅग ठेवली. मागून एक जण ढकलतोय, "चलो भाई, चलो." मागं वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं रांग बदलली. तालमीसारखं झालं. तात्यांनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, तान्हं मूल धरावं तशी.

मग तपासणीच्या साहेबानं पिशवी उघडायला लावली. मशीन चालू करून दाखवा, म्हणजे आत भलतंसलतं नाही ते कळेल. झाकण उघडलं तर फटीतून त्याच्या टेबलावर पिवळी भुकटी.

"ये क्या पावडर है?"

तात्या म्हणाले, "भगवान का है." साहेबाचं तोंड आणखी कडक. चालू केलं. पडद्यावर पासवर्डची चौकट. "खोलो."

"मालूम नहीं."

"तुम्हारा है और तुमको मालूम नहीं? किसको मालूम है?"

तात्या म्हणाले, "हमारी लडकी को. वो इंदापूर में है."

आता आपण आत जाणार असं वाटलं. साहेबानं माझ्या छातीवर बोट टेकवलं, ते नेमकं फ्लॉपीवर. "ये क्या?" डोकं तापायला लागलं. तोंडापर्यंत आलं सगळं, तळाच्या भावासकट. तो सु. मशीनमध्ये भरत असताना मी वाचला होता. सु.चं बोलणं आठवलं. ओठ आवळून धरले. सेफ्टीपिन काढली, बटण काढलं, फ्लॉपी दाखवली.

तेवढ्यात पलीकडून एक मिशीवाला हवालदार आला. भुकटीचा वास घेतला. "भंडारा हाय व्हय? कुठला?" म्हटलं, घरचा, आईनं लावलाय. त्यानं टेबलावरचा चिमूटभर कपाळाला लावला, साहेबाला हिंदीत काहीतरी समजावलं. पडदा लागला, मशीन मशीनच आहे, एवढं त्याला पुरलं. जाताना हवालदार म्हणाला, "पासवर्ड म्हाईत नसताना मशीन घिऊन फिरणारी पहिली माणसं बघितली."

विमान. ढग वरून बघितले, पिंजलेल्या लोकरीसारखे. सु.ला सांगायचं.

मी खिडकीशी, तात्या मध्ये, कडेला एक गृहस्थ. छान बोलणारा. पिशवी वरच्या कप्प्यात ठेवतो म्हणाला, मी नको म्हटलं. पायाशीच ठेवली, तिचा बंद घोट्याला गुंडाळून. मग त्यानं तात्यांना विचारलं, अनार का काम है? झालं. तात्यांना कुणी डाळिंबाचं विचारलं की तात्या त्याला जेवायला वाढल्याशिवाय सोडत नाहीत. बागा किती, माल कधी निघणार, कुणाशी बोलणी, सगळं. तो आपला 'अच्छा, अच्छा'. मी कोपर मारलं. तात्यांनी कोपर सरकवलं. आणि म्हणाले, "देखो साब, आखिर में हम क्या बोलता है, इस के नीचे..."

"तात्या, गप बसा!"

मी एवढ्या जोरात ओरडलो हे मलाच नंतर कळलं. अख्खं विमान मागं वळून बघत होतं. हवाई सुंदरीच्या हातातला चहा डचमळला. गृहस्थानं पेपर उघडला.

तात्या आता शेजारच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेत. झोपलेले नाहीत.

२२ जाने.

झालं! तात्यांनी एसटीडीवरून ऑफिसला फोन लावला, मी काचेबाहेर. तात्यांनी ऐकलं, मान हलवली, एका बोटानं टाइप केलं, उघडलं.

व्यापाऱ्याला आमचा तळ माहीत नव्हता. चाचपडत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तात्या खडकासारखे. भाव तळाच्या बऱ्याच वर ठरला. चहा आला तेव्हा व्यापाऱ्यानं विचारलं, हा मुलगा कोण? तात्या माझ्याकडं न बघता म्हणाले, "हमारा राखणदार."

विमानातला तो गृहस्थ कोण होता, कळलं नाही. असेल कुणी साधा माणूसही. असेल.

२७ जाने., मंगळ. इंदापूर

शेडवर पेढे. तात्यांनी सगळी कथा सांगितली, भंडारा, हवालदार, रंगवून. विमानातलं सोडून. मग मला आत बोलावलं.

"चारचौघांत मला गप बसा म्हणालास. माझ्या पोटच्या पोरानं कधी म्हटलं न्हाय."

"तुमी भाव सांगत होता, तात्या."

"सांगत हुतो." पानाचा देठ खुडला. "तरीबी."

तात्यांनी देठ टाकून दिला.

"काम तुझं पक्कं. पुढच्या खेपा तुझ्याच. पर कळंबचा शब्द मी टाकणार न्हाय. ती गोष्ट न्हाय व्हायची माझ्याच्यानं."

बाहेर येऊन एका पेटीला लाथ घातली. पेटी फुटली, अंगठा सुजला. पण तोंडातून काही निघालं नाही. पहिल्यांदाच.

आणि खरं सांगू का, परत तसंच झालं तर परत ओरडेन. हळू ओरडेन.

३० जाने., शुक्र.

स्टँडवर सु. कळंबच्या गाडीची वाट बघत. सगळं सांगितलं. ढगांचंही. वाटलं, रडेल. हसायला लागली.

"तात्यांनी शब्द टाकला असता तर अण्णांनी तात्यांना हो म्हटलं असतं. तुला नव्हे."

"मग?"

"रविवारी अण्णा गिरणीवर एकटेच असतात. कॉलेज का सोडलं ते विचारणार. सरळ सांग, आणि सांगताना भांडायला लागू नकोस." गाडी आली. पायरीवरून म्हणाली, "माझं काय म्हणणं आहे, ते त्यांनी विचारल्याशिवाय सांगायचं नाही."

"आणि विचारलं तर?"

कंडक्टरनं घंटी दिली.

१ फेब्रु., रवि.

शर्ट इस्त्रीचा. अंगठा अजून दुखतोय, चप्पल सैल करून घेतली. सकाळपासून मनात अण्णांशी बोलतोय, तीनदा भांडण झालं, तिन्ही वेळा मीच सुरू केलं. चौथ्यांदा बरं जमलं. चौथ्यांदा अण्णा नुसते दळत राहिले.

आबा म्हणाले, "मी येऊ का?" म्हटलं, नको. म्हणाले, "बरं." आई चुलीपुढून ओरडतेय, एवढं नटून कुठं, आणि उत्तराची वाट न बघता हसतेय. म्हणजे वही वाचलीय.

भूक नाही. तरी भाकरी खाल्ली, रिकाम्या पोटी मला राग लवकर येतो.

बाराची कळंबची गाडी. निघतो. दार ओढून घेतो.