चौघांची सेव्हन सीटर

१ जून, रविवार. दुपार.

गाडी आली. शोरूमपासून घरापर्यंत स्वतः चालवत आणली. सगळा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये. मागच्यांनी हॉर्न वाजवले. नव्या इंजिनाला पहिल्याच दिवशी दमवू नये, हे त्यांना कोण सांगणार.

पहिलं मत : भव्य. डिझेल. सात सीट. ड्रायव्हरच्या जागेवर बसलं की जग खाली राहतं. बॉनेटच्या पुढचा रस्ता दिसत नाही, पण तो तिथे असतो हे माहीत असल्यामुळे अडचण येत नाही. इंजिनाचा आवाज खर्जातला, घरंदाज. ही म्हणाली, पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. हिला संगीताचा कान नाही.

घरात आम्ही चौघं. मी, ही, आई आणि लेक. उरलेल्या तीन सीट कोणासाठी, असं हिने शोरूममध्ये सेल्समनच्या देखत विचारलं होतं. मी म्हणालो, माणसं जोडावी लागतात. सेल्समनने विचारलं, साहेब, रोजचं रनिंग किती? मी म्हणालो, भरपूर. ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. पण रनिंग ही शेवटी वृत्ती आहे.

खरं कारण इथे लिहून ठेवतो. जुलैत लेक शिकायला परगावी जाणार. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहणार. चार तासांचा रस्ता. त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जायचं, लेक माझ्या शेजारच्या सीटवर. गेल्या दोन-तीन वर्षांत आमचं बोलणं ‘जेवलीस का’ आणि ‘वायफाय बंद आहे’ यापलीकडे गेलेलं नाही. दोष दोघांचाही नाही, जुन्या गाडीत सस्पेन्शन खराब होतं.

१ जून. संध्याकाळ.

पार्किंग. आमची जागा खांब आणि भिंत यांच्यामध्ये. गाडी अगदी बरोबर बसली. इतकी बरोबर की दोन्हीकडची दारं उघडेनात. मी आतच. घाबरलो वगैरे नाही. सीट ओलांडत मागे गेलो आणि डिकीतून उतरलो. डिकी आतून उघडायची सोय कंपनीने दिलेली नाही, ती हिला फोन करून बाहेरून उघडून घेतली. वरच्या मजल्यावरचे भूमितीचे रिटायर्ड सर गॅलरीत उभे होते. म्हणाले, जागा आणि गाडी दोन्हींची रुंदी आधी मोजता आली असती.

काही माणसांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

गाडी सध्या मागच्या गल्लीत उभी केली आहे. तात्पुरती.

३ जून, मंगळवार.

ऑफिसला गाडी नेली. चालत दहा मिनिटं लागतात, गाडीने पंचवीस. वन-वे, सिग्नल, मग जागा शोधणं. पण पोचतो तेव्हा कपाळावर घाम नसतो. म्हणजे आज होता, पण तो रिव्हर्स घेतानाचा.

परतताना सहकाऱ्यांना लिफ्ट देऊ केली. टायपिस्टबाई म्हणाल्या, मला लवकर पोचायचंय. कॅशियरने पाय मोकळे करायचे असल्याचं सांगितलं. गाडीपुढे माणसं बुजतात. हळूहळू सरावतील.

८ जून, रविवार.

पहिली कौटुंबिक सफर. मेहुण्याकडे जेवायला.

आईला गाडीत चढता येईना. पायरी उंच. मी म्हणालो, ग्राउंड क्लिअरन्स आहे. आई म्हणाली, मला काय नदी ओलांडायची आहे? शेवटी घरातून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. त्यावर चढून, मी मागून ढकलून आणि लेकीने वरून ओढून, आई बसली. म्हणाली, घोड्यावर बसवल्यासारखं वाटतंय. मी हे कौतुक समजलो.

मेहुण्याची गल्ली अरुंद निघाली. वीस वर्षं जातोय, पण इतकी अरुंद कधी वाटली नव्हती. अर्ध्यात गाडी अडकली. पुढे भाजीची हातगाडी, मागे स्कूटरवाले. सगळी गल्ली मदतीला. डावीकडचे म्हणत होते उजवीकडे घ्या, उजवीकडचे म्हणत होते डावीकडे घ्या. मी खिडकीतून सगळ्यांना शांतपणे सूचना दिल्या. ही म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकू नका, खाली उतरून बघा. मग मेहुणाच आला. मला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी मागे काढली. आरसे दोनदा बघितले, बस. त्याला फक्त नशिबाची साथ असते. त्याची स्वतःची गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची डबी. चौथा माणूस बसला की तिचं मागचं टायर कण्हतं.

परतल्यावर लक्षात आलं, स्टूल मेहुण्याकडेच राहिलं. आईला उतरवायला शेजाऱ्यांची खुर्ची मागावी लागली.

संकल्प : गाडीत कायम एक स्टूल ठेवणे.

१६ जून, सोमवार.

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. छान रंग आहे. आधी वाटलं, नवीन सोय असावी.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, सर, तुम्ही गाडी जवळच्या जवळ फिरवता का? डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरायची एक जाळी असते. गाडी लांब आणि वेगात चालली की ती काजळी जळून जाते. नाही चालली तर साठते. गाडीला हायवेवर नेत जा, सर.

डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मला हेच सांगितलं होतं. एका जागी बसून राहू नका, चालत जा. म्हणजे आता मला चालायला हवं आणि गाडीलाही. दोघांनी एकाच वेळी कसं जायचं, हे कोणी सांगत नाही.

२२ जून, रविवार.

गाडीला फिरवून आणलं. घरात सकाळीच जाहीर केलं, सगळ्यांनी हायवेला जायचं. कुठे, असं हिने विचारलं. मी म्हणालो, कुठेच नाही, नुसतं जाऊन परत यायचं. आई म्हणाली, माझे गुडघे काजळी जाळायला नाहीत. लेक झोपली होती. झोपेतच नाही म्हणाली.

एकटाच गेलो. बाकीच्या सहा सीटवर माणूस नाही. पाचव्या गिअरमध्ये टाकली. इंजिन काय सुरेख बोलत होतं! मीही बोललो. लेकीशी जे बोलायचं त्याची रंगीत तालीम केली. शेजारच्या सीटकडे बघून म्हणालो, बाळा, माणसाने आयुष्यात मायलेज बघू नये, टॉर्क बघावा. टॉर्क म्हणजे ओढायची ताकद. फार चांगलं वाक्य जमलं. सीटबेल्ट लावला नाही म्हणून गाडी टुकटुक करत होती. शेजारच्या सीटवर मी स्टूल ठेवलं होतं, गाडीला ते माणूस वाटलं. शेवटी स्टुलाला बेल्ट लावला.

दिवा गेला. घरी येऊन सांगितलं. कोणालाच आनंद झाला नाही.

२८ जून, शनिवार.

सामानाची चर्चा. ही म्हणाली, खोली रिकामी आहे, गादीपासून सगळं न्यावं लागेल, टेम्पो करू या. टेम्पो! दारात एवढी गाडी असताना! म्हणजे मागच्या गल्लीत असताना. मी म्हणालो, सगळं मावेल. तिसरी रांग दुमडली की खोलीएवढी जागा होते.

लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांचा फोन. म्हणाले, ऐकलं तुमची गाडी फार मोठी आहे. मन भरून आलं. आजवर नातेवाइकांतसुद्धा असं कोणी मोकळेपणाने म्हटलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं थोडं सामान होतं. मी म्हणालो, आणा, मावेल.

मेहुणा म्हणाला, भाऊजी, लागली तर माझी गाडी आहे. मी नुसता हसलो.

५ जुलै, शनिवार.

सामान भरतोय. थोडं म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि एक सायकल. आमच्याकडच्या दोन गाद्या, पुस्तकांची खोकी, पंखा, बादल्या, शिवाय मिक्सर. तिसरी रांग दुमडली. मावलं नाही. दुसरी रांग अर्धी दुमडली. मग उरलेली अर्धी. प्रत्येक सीट दुमडताना कसली सुंदर खट् होते. कंपनीने मेहनत घेतली आहे.

संध्याकाळी बघितलं तर ड्रायव्हरशेजारची एक सीट उरली होती. लेकीची. तेवढ्यात हिने आरसा आणला. मोठा, उभा, काचेचा. म्हणाली, हा आडवा ठेवता येणार नाही. शेजारच्या सीटवर उभा ठेवून बेल्ट लावला. त्यात आता मीच दिसतो.

हिने मेहुण्याला फोन लावला. मला न विचारता. म्हणाली, विचारून काय, तुम्ही मावेल म्हणाला असतात.

६ जुलै, रविवार. पहाटे.

निघतोय. ही, आई आणि लेक मेहुण्याच्या डबीत. आई न चढता बसली, नुसती बसली. मला म्हणाली, सावकाश चालव, काच आहे.

६ जुलै. संध्याकाळ.

डबी चारही तास पुढे होती. मागच्या काचेतून तिघींची डोकी दिसत होती. हसत होत्या. मध्येच लेकीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी हेडलाइट दाखवून हाय केलं. मेहुण्याला वाटलं, मला पुढे जायचंय. त्याने हात दाखवून साइड दिली. वर चढण होती आणि मागे दोन मुलींचा संसार. गेलो नाही. म्हणजे मुद्दाम गेलो नाही.

पोचलो. डबी मोठ्या गेटमधून आत गेली. मला वॉचमनने अडवलं. म्हणाला, सामानाच्या गाड्या मागून. मी म्हणालो, ही फॅमिली कार आहे. त्याने वाकून आत बघितलं. गाद्या बघितल्या, सायकल बघितली, आरशात स्वतःला बघितलं. म्हणाला, बरं, मागून घ्या. हमाल आणलेत का?

हमाल आणला नव्हता. मी होतो. मेहुणाही होता. कपाट त्यानेच वर नेलं. मी जिन्यात सूचना दिल्या.

सगळं उतरल्यावर ड्रायव्हरच्या सीटवर बसून आतून काच पुसत होतो. लेक मागच्या गेटशी आली. दार उघडून शेजारच्या सीटवर बसली. स्टुलाशिवाय, एका उडीत. मी म्हणालो, बाळा, टायरमध्ये हवा... ती म्हणाली, बाबा, थोडा वेळ गाडीबद्दल नको. मग मला काहीच आठवेना. टॉर्कचं वाक्यसुद्धा नाही. ती म्हणाली, इंजिन तरी बंद करा. मी एसीसाठी चालू ठेवलं होतं. बंद केलं. इतकी शांतता मी त्या गाडीत पहिल्यांदाच ऐकली.

ती म्हणाली, आई येताना रडलीच नाही, मामा सतत विनोद करत होते. आता जाताना रडेल. तिला आजीसमोर रडायचं नसतं. तुम्ही तिला तुमच्याबरोबर न्या आणि ती रडायला लागली की गाडी थांबवा. चांगला धाबा येईपर्यंत वाट बघू नका.

मी बरं म्हणालो. तिने माझ्या शर्टावरची जळमटं झटकली, कपाटाची असावीत. म्हणाली, जेवलात का? मी म्हणालो, नाही. म्हणाली, मला वाटलंच. ओढणीत गुंडाळून आणलेली केळी दिली आणि गेली.

परत येताना ही माझ्या शेजारी बसली. हायवेला लागलो आणि हिने खिडकीकडे तोंड केलं. मी लगेच बाजूला घेऊन थांबलो. खूप वेळ थांबलो. ट्रक जायचे तेव्हा गाडी हलायची. मग ही म्हणाली, चला. पुढे जाऊन म्हणाली, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो, डिझेलचे ब्रेक चांगले असतात.

मलाही त्या वेळी रस्ता नीट दिसत नव्हता. वायपर लावून बघितले. काचेचा प्रश्न नव्हता.

१५ जुलै, मंगळवार.

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. मोठी गाडी घेतल्याचं कानावर आलं म्हणाले. तरी म्हटलं, कधी ना कधी दखल घेतली जाणारच! कशी चालते, आत जागा किती, सीट पूर्ण सपाट होतात का, सगळं विचारलं. इतक्या आस्थेने त्यांनी माझ्या कामाबद्दलही कधी विचारलेलं नाही. मी सविस्तर सांगितलं.

साहेबांच्या बहिणीचा सोफा आहे. शनिवारी न्यायचाय. मावेल म्हणालो.

१८ जुलै, शुक्रवार.

लेकीचा फोन. उद्या येतेय, दोन दिवस. करमत नाही असं म्हणाली नाही, पण तीनदा म्हणाली की तसं काही कारण नाही.

आणायला निघणार होतो. डिझेल फुल टँक केलं होतं. मग सोफा आठवला. साहेबांना नाही म्हणायचं ठरवलं, फोन लावला, त्यांनी उचलताक्षणी सांगितलं की सोबत दोन खुर्च्यापण आहेत. बरं म्हणालो.

लेकीला सांगितलं, बाळा, गाडी उद्या जरा बिझी आहे. मामाला पाठवू का? म्हणाली, नको, बसने येते. मी म्हणालो, मग सोफा पोचवून स्टँडवर येतो, पण गाडी तिथे लावायला जागा नसते. म्हणाली, गाडी कशाला, बाबा, तुम्ही चालत या. आपण चालतच घरी येऊ, अर्धा तास तरी मिळेल.

बूट शोधतोय. ही म्हणतेय, डिकीत असतील.