अवकाश, बारा बाय वीस

१२ जानेवारी, सकाळ
पंधरा वर्षं मलकापुरात फ्लेक्सवर तीच फुगीर सोनेरी अक्षरं छापली. बास. आता माझा स्वतःचा टाइपफेस, माझ्या वळणाची अक्षरं. नाव 'अवकाश'. फक्त वर्तुळ आणि सरळ रेघ. एकदम फ्युचरिस्टिक.

१५ जानेवारी
शिरोरेषा उडवली. भविष्यात डोक्यावर रेघ घेऊन हिंडायला कुणाला वेळ असणार? बायकोला, प्रियदर्शनीला 'क' दाखवला. म्हणे, पंखा छान काढलाय. तिला अक्षरामागची चौकटींची ग्रिड कळत नाही.

१९ जानेवारी
थोरला दादा, सुभेदार महेंद्र, २ तारखेला फौजेतून रिटायर होऊन येतोय. गावच्या फाट्यावर स्वागत, हलगी, उघड्या जीपमधून मिरवणूक. फ्लेक्स अर्थात माझा, बारा बाय वीस फूट. दादा अजून माझ्या धंद्याला 'रंगरंगोटी' म्हणतो. या वेळी त्याच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचंच.

२४ जानेवारी
ट्रायल घेतली. इस्लामपूरच्या लालासाहेबांच्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांचं नाव 'अवकाश'मध्ये टाकून दिलं. फुकट. त्यांचा फोन आला की नक्षी लय भारी हाय, आता नाव कवा टाकताय? म्हणजे सौंदर्य पोचलं. वाचन ही पुढची पायरी.

३० जानेवारी
आईला फ्लेक्सचं प्रूफ दाखवलं. म्हणाली, ह्या जिलब्यांत माजा म्हेंद्र कुठं हाय? आई साक्षरता वर्गात शिकलेली, तिचं मत धरत नाही. प्रियदर्शनी म्हणे, आवं, फोटो तरी मोठा करा. फोटो काढूनच टाकला. अक्षरांना मोकळी जागा पाहिजे.

२ फेब्रुवारी, दुपार
फाट्यावर हार घेऊन तीन तास उभे. हलगीवाले चहाला गेले ते गेलेच.
शेवटी घरी आलो, तर दादा केव्हाच पोचला होता! कराडहून रिक्षाने आला. म्हणे, फाट्यावर कसल्या तरी सोलर कंपनीचं उद्घाटन दिसलं, गोल-रेघांचा हा मोठा बोर्ड, लय गर्दी, म्हणून मागच्या रस्त्यानं रिक्षा घ्यायला लावली.
घराच्या दारावर आईने खडूने लिहिलं होतं: महेंद्र आला. वाकडंतिकडं, पण वर रेघ अगदी ठसठशीत. मला ते दाखवताना दादा त्याच्यापुढे उभा राहून रडला. त्याला रडताना मी आजवर पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. हार माझ्याच हातात राहिला होता.

३ फेब्रुवारी
लोक तयार नाहीत. 'अवकाश' वीस वर्षं पुढे आहे, एवढाच दोष.

५ फेब्रुवारी
फ्लेक्स दादाने गोठ्यावर टाकला. स्वतः चढून, चारी कोपरे ताणून बांधले. खाली उतरला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, शाब्बास, कापड चांगलं हाय.