चहातली गोळी

वरठी. गुरुवार, संध्याकाळ.

आज डायलिसिस मधातच बंद करावं लागलं. मशीनवर बीपी एकदम खाली गेला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सिस्टरनं विचारलं, "सकाळी बीपीची गोळी घेतली का?" मी म्हटलं, नाही. डायलिसिसच्या दिवशी ती घरी परत आल्यावरच घ्यायची, एवढं मले कळते.

तर माझी बायको शोभा हळूच म्हणते, "मीच देली. कुटून, चहात."

पाणी मोजून प्यायचं, त्यात सकाळचा तो अर्धा कप चहा तेवढा माझा. त्यातही?

"काहून?"

"डायलिसिसच्या दिवशी तुमी बहुत चिडता. बीपी वाढते म्हणूनच चिडता ना? गोळी देली का शांत राहता."

बाकीचे पेशंट ऐकून राहिले होते. सुजलेले पाय तसेच घेऊन घरी आलो. बीपीच्या गोळीले रागाची गोळी समजते ती. आणि मी खरंच शांत राहत होतो, की नुसता गळून पडत होतो, अन् तिले तेवढंच पुरत होतं?

मघाशी तिनं अर्धा कप चहा आणून ठेवला. विचारलं, "यात काही टाकलं काय?"

"नाही," म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून, "टाकू का?"